जादा स्वल्पविराम

कार्डिफ, त्र्याहत्तरचा हिवाळा. बंद पडलेल्या चॅपेलात
आमचा स्टुडिओ. वेदीच्या जागी अंतराळयान,
प्लायवूडचं, चंदेरी रंग अजून ओला.
खिडक्यांतल्या रंगीत संतांवर काळं कापड ठोकलेलं,
म्हणजे झालं बाहेर अंतराळ.

मी टायपिस्ट. मॉरविथ हॉवेल्स, आठवड्याला अठरा पौंड.
लेखक सोमवारी रात्री दारूच्या वासासकट कागद पाठवायचा
आणि मंगळवारी सकाळी, अख्ख्या यानाच्या आधी,
मला कळायचं कोण जगणार.

कपाळांवर लिहिणारी कुणी असते म्हणतात,
तिच्या हाताखालची मी. तीन कार्बन, चार प्रती.
चौथी इतकी फिकट यायची की तिच्यातला मेलेला माणूस
पुरता मेल्यासारखा वाटायचा नाही.

मालिकेत एक ओरेना होती, पुढचं दिसणारी.
तिचं भाकिताचं पात्र म्हणजे मोटारीच्या चाकाची टोपी,
ती मीच घासायचे व्हिनेगर लावून.
एकोणिसाव्या भागात तिला त्यात दिसतं,
इंजिनियर दाराच्या भलत्या बाजूला राहणार.
सांगितलं तर तो जाणार नाही,
तो गेला नाही तर चाळीस जण गुदमरणार.
ती तोंडात मिठाची गुळणी धरते.
कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी सरकतो,
ग्लिसरीनचा एक थेंब, आणि व्हायोलिन.

इंजिनियर म्हणजे इद्वल प्रॉबर्ट.
मी 'दार' हा शब्द बडवत होते तेवढ्यात आला,
हातांत चहाचे दोन कप, काखेत घराचे कागद.
बॅरीला, समुद्राकडे तोंड असलेलं,
मागे कोंबड्यांपुरती जागा.
"शुक्रवारी सही आहे. काय गं मॉरविथ,
उन्हाळ्यानंतर असेन ना मी यानात?"

मी पानावर कोपर ठेवलं.
म्हटलं, "मी नुसती अक्षरं बडवते, वाचत नाही."
चहात साखर जास्त झाली होती.

माझ्या गप्प बसण्यामागे चाळीस जीव नव्हते.
अठरा पौंड होते, करारातलं एक कलम होतं,
आणि खरं सांगायचं तर एक क्षुद्र सुख,
याला ठाऊक नाही, मला आहे.
त्याची चव अजून जिभेवर येते कधी कधी,
रिकाम्या चमच्यासारखी.
मला कुणी व्हायोलिन दिलं नाही.

तो गेल्यावर एवढंच केलं.
लेखकाने त्याचं शेवटचं वाक्य लिहिलं होतं,
ठीक आहे दार लावा.
'आहे'नंतर मी एक स्वल्पविराम घातला.

सही झाली. शूटिंग झालं. दार लागलं,
आणि वर्ष फिरायच्या आत घरही.
पुढे तो न्यूपोर्टला टायरच्या दुकानात होता असं कानावर आलं.
मी चौकशी केली नाही.

अकरा वर्षांनी पाँटिप्रिथच्या बाजारात समोर उभा,
पिशवीतून लीकची पात बाहेर आलेली.
म्हणाला, "त्या वाक्यातला स्वल्पविराम कुणाचा?
तो लेखक तर विरामचिन्हांचा वैरी."
मी गप्प. दुसऱ्यांदा.
"तेवढ्या वेळात," तो म्हणाला,
"मी कोंबड्यांना दाणे टाकून आलो."
मग त्याची बस आली. हसला होता की नाही
ते काचेमुळे कळलं नाही.

परवा अपरात्री तो भाग पुन्हा दाखवला.
मी आवाज बंद करून बसले.
इद्वलचे ओठ हलतात, ठीक आहे,
मिटतात.
चाळीस जण थांबतात. ओरेना पात्राकडे बघते,
पात्राच्या कडेला मी न घासलेला एक डाग.
मी खुर्चीच्या टोकावर, घशात शब्द आलेला,
आणि त्याचे ओठ अजून मिटलेले.